मोल असलेला मासा आणि मोल नसलेला बेडूक

भारताच्या पश्चिम भागातील दोन प्राण्यांची नावे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल सूचीत नोंदलेली आहेत. पहिला प्राणी म्हणजे व्हेल शार्क. मुशीच्या कुळातला हा मासा पृथ्वीवरील सर्वांत मोठा मासा होय. दुसरा आहे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीचा बेडूक. पूर्ण वाढ झाल्यानंतरही तो माणसाच्या अंगठ्याहून लहानच राहतो. काटेकोर शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘भेक’ म्हणावे लागेल. पण लोकव्यवहारात तो बेडूकच. सूचीमध्ये मासा ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे, तर बेडूक ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात, म्हणजे निसर्गातून नाहीसा होण्याच्या एकच पायरी अलीकडे. धोक्याच्या मोजमापात अंगठ्याएवढा प्राणी महाकाय माशाच्याही पुढे गेलेला आहे. लोकांच्या आस्थेच्या मोजमापात मात्र क्रम नेमका उलटा आहे. माशासाठी चित्रपट निघाले, मोहिमा झाल्या, शासनाने अनुदाने दिली. बेडकाचे नाव मात्र त्याच्या जिल्ह्यातही सर्वांच्या कानांवर गेले असेल की नाही, याची शंका वाटते.

एक खाऱ्या पाण्यातला, एक डोंगरावरच्या कातळावरचा; एकाचे आयुष्य दशकांचे, दुसऱ्याचे थोड्या पावसाळ्यांचे. अशा दोन जिवांची तुलना कशासाठी करावयाची, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. तुलना करावयाची ती त्यांच्या शरीररचनेची नव्हे, तर त्यांच्यावर ओढवलेल्या संकटाच्या कारणांची. मासा संपत आला तो त्याला किंमत होती म्हणून. बेडूक संपत चालला आहे तो त्याला किंमत नाही म्हणून. बाजाराच्या अपयशाचे हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांवरील उपायही वेगळे आहेत. एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला तसेच द्यावयाचे म्हटले, तर रोगी हाती लागणार नाही.

पाण्यातले भांडवल

व्हेल शार्कची लांबी बारा मीटरपर्यंत सहज जाते. अठरा मीटरच्या आसपासचे नमुनेही नोंदले गेले आहेत. १८२८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेल्या माशावरून अँड्र्यू स्मिथ यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. एवढा प्रचंड देह असूनही हा मासा स्वभावाने निरुपद्रवी आहे. तोंड उघडून पाणी आत घ्यावे, त्यातील प्लवक, जवळ्यासारखे बारीक जीव आणि माशांची अंडी गाळून घ्यावीत आणि पाणी कल्ल्यांतून सोडून द्यावे, हा त्याचा जीवनक्रम. अरबी समुद्रात त्याचा वावर आहे आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ, वेरावळ, सूत्रापाडा, मांगरोळ या परिसरात, तो ठरावीक हंगामात मोठ्या संख्येने येतो.

तेथील मच्छीमार पूर्वीपासून त्याची थोडीबहुत शिकार करीत असत. यकृतातून निघणारे तेल लाकडी होड्यांना चोपडले की लाकूड पाण्यात टिकते, एवढाच त्याचा मुख्य उपयोग होता. गावातल्या होड्यांना तेल लागून लागून किती लागणार? गरज आखीव होती, म्हणून शिकारही आखीव राहिली. शतकाच्या अखेरच्या दशकात हे गणित बदलले. तैवानात या माशाच्या पांढऱ्या, मऊ मांसाला मोठी मागणी निर्माण झाली. तेथे त्याला ‘टोफू शार्क’ असेच नाव पडले. किनाऱ्यावर बर्फाचे आणि मासे गोठवण्याचे कारखाने होतेच. दोरखंडाला पिंप बांधलेला मोठा आकडा माशाच्या अंगात रोवावयाचा आणि तरंगते पिंप ओढून ओढून मासा थकेपर्यंत वाट पाहावयाची, ही शिकारीची पद्धत. म्हणून गुजरातेत या माशाला ‘बॅरल’ याच नावाने ओळखू लागले. एका जिवंत प्राण्याला त्याच्या शिकारीच्या साधनाचे नाव मिळावे, याहून बाजारदृष्टीचा बोलका पुरावा दुसरा नाही.

या शिकारीमागील अर्थशास्त्र नवे नाही. कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ सालीच दाखवून दिले होते की, ज्या मत्स्यक्षेत्रावर कोणाचीही मालकी नाही आणि कोणाचेही नियंत्रण नाही, तेथे प्रत्येक मच्छीमार आपल्यापुरता शहाणपणाने वागला तरी सर्वांचे मिळून नुकसानच होते. आज सोडून दिलेला मासा उद्या आपल्यालाच मिळेल याची शाश्वती नसते. तो शेजाऱ्याच्या होडीत जाणार असतो. मग सोडावयाचा कशासाठी? १९७३ साली गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी त्यापुढचे अधिक अस्वस्थ करणारे पाऊल टाकले. मालकी एकाच व्यक्तीची असली तरीही, प्राण्याची संख्या वाढण्याचा वेग व्याजाच्या दरापेक्षा मंद असेल आणि शिकारीचा खर्च फार नसेल, तर निव्वळ नफ्याच्या हिशेबाने सर्व प्राणी आजच मारून आलेला पैसा बँकेत ठेवणे अधिक फायद्याचे ठरू शकते, असे त्यांच्या गणिताने दाखवले.

व्हेल शार्क हे त्या गणिताचे मूर्तिमंत उदाहरण आहे. हा मासा प्रजननक्षम होण्यास पाव शतकाच्या आसपास काळ लागतो. १९९५ साली तैवानजवळ मारल्या गेलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे ३०० पिल्ले आढळली आणि हा मासा अंडी न घालता पिलांना जन्म देतो, हे तेव्हा कोठे निश्चित झाले. तीनशे हा आकडा मोठा वाटतो. पण एवढी वर्षे समुद्रात काढून त्यांतली किती पिल्ले आईच्या वयाला पोहोचतील? असा मासा म्हणजे अतिशय मंद गतीने व्याज देणारी ठेव. अशी ठेव मोडून खाण्याचा मोह व्यापाऱ्याला होणार, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

बंदी आणि माहेरवाशीण

माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने २००० साली ही कत्तल जगासमोर आणली. २८ मे २००१ रोजी भारत सरकारने व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात केला. वाघाच्या पंक्तीला बसण्याचा हा मान मिळालेला तो पहिलाच मासा. पाठोपाठ २००२ साली वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचे नाव आले. मालदीव व फिलिपाइन्स या देशांनी त्याआधीच शिकार थांबवली होती. तैवाननेही २००८ साली ती पूर्णपणे बंद केली.

ही बंदी यशस्वी होऊ शकली याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. दहा टनांचा मासा लपवून नेता येत नाही. त्याला बंदर लागते, बर्फाचा कारखाना लागतो, निर्यातीचा परवाना लागतो, जहाज लागते. या साखळीतील कोणत्याही एका कडीवर शासनाने हात ठेवला की किंमत कोसळते. आणि किंमत कोसळली की शिकारीचे प्रयोजनच उरत नाही. ज्या बाजाराने मासा मारला, त्या बाजाराची मान पकडता येत होती.

तरीही कायद्याने सारा प्रश्न सुटला नाही. शिकार थांबली, परंतु इतर माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात व्हेल शार्क अडकत राहिले. अशा वेळी मासा जिवंत सोडावयाचा तर जाळे कापावे लागते, आणि जाळे हे मच्छीमाराचे भांडवल, बहुधा कर्जाऊ घेतलेले. २००४ साली गुजरात वन विभाग, भारतीय वन्यजीव न्यास आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम सुरू केली. कथाकार मोरारीबापू यांनी या माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव दिले. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक ती हीच, तिच्यावर हत्यार कसे उगारावयाचे, असा सवाल त्यांनी मच्छीमारांना केला. गावोगावी रस्त्यांवर नाटके झाली. हवा भरलेली माशाची प्रचंड प्रतिकृती फिरवण्यात आली. हा मासा खरोखरच गुजरातच्या किनाऱ्यावर विण्यासाठी येतो की नाही, हा शास्त्राचा प्रश्न झाला. माहेरवाशिणीला रिकाम्या हाताने पाठवू नये, हे मात्र खारव्यांच्या घराघरांत कोणी शिकवावे लागत नव्हते.

भावनेला पैशाचीही जोड होती, आणि ती नसती तर भावना किती काळ टिकली असती हे सांगता येत नाही. कापलेल्या जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तरतूद गुजरातने केली. जाळ्याची किंमत अनेकदा याहून अधिक असते. म्हणजे मच्छीमाराने उरलेला तोटा स्वतः सोसला. त्यानंतरच्या दोन दशकांत गुजरातच्या किनाऱ्यावर ७०० हून अधिक व्हेल शार्क जाळी कापून सोडण्यात आले. महाराष्ट्र शासनानेही २०१८ साली संरक्षित सागरी प्राणी जाळ्यातून जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारांसाठी अशीच भरपाईची योजना आणली. सामायिक साधनसंपत्ती लोक स्वतः नियम करून राखू शकतात, असे आयुष्यभर सांगत आलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्यांच्या सिद्धांताची निदान अर्धी प्रचिती आली असे म्हणता येईल. अर्धी अशासाठी की, येथे लोकांच्या मागे कायदाही उभा होता.

कातळावरचा रहिवासी

आता दुसऱ्या प्राण्याकडे वळू. आंबोली हे सावंतवाडी तालुक्यातील घाटमाथ्यावरचे गाव. वर्षाला सुमारे सात मीटर पाऊस येथे पडतो. गावाच्या आसपास जांभ्या दगडाचे सपाट सडे पसरलेले आहेत. उन्हाळ्यात काळेठिक्कर आणि निर्जीव दिसणाऱ्या या कातळावर पहिल्या सरी पडल्या की खळग्याखळग्यांत वितभरही खोल नसलेली डबकी साचतात. त्या डबक्यांच्या काठी आंबोलीचा बेडूक विणीसाठी गोळा होतो. त्याच्या अंगावर, कुशीच्या बाजूंना, पिवळसर पट्टे असतात. त्यावरून त्याच्या शास्त्रीय नावात वाघाचा उल्लेख आलेला आहे. डॉ. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ही जात शास्त्राला प्रथम ज्ञात करून दिली. तिच्यासाठी जी नवी प्रजाती स्थापन करावी लागली, तिच्यात आणखी एकच जात आहे, आणि तीही सह्याद्रीतलीच. ती म्हणजे १९६३ साली कोयनेच्या परिसरातून वर्णन केलेला कोयनेचा बेडूक. दोघांचेही जगात अन्यत्र कोठेही घर नाही.

आंबोलीचा बेडूक तर आंबोली आणि तिच्या अगदी निकटचा परिसर सोडून जवळजवळ आढळत नाही. त्याची वीण उथळ डबक्यांवर अवलंबून असते. पाऊस मध्येच उघडला तर डबके आटते आणि बेडकाची शेपटीवाली पिल्ले सुकून जातात. पाऊस फार कोसळला तर ती वाहून जातात. या दोन्ही संकटांमधून वाट काढण्यास हा प्राणी हजारो पावसाळे शिकलेला आहे. जे संकट त्याच्या अनुभवात कधीच नव्हते, ते चाकांवरून आले.

सावंतवाडीहून बेळगाव आणि कोल्हापूरकडे जाणारी वाहतूक आंबोली घाटातून जाते. पावसाळ्यात धबधबे पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांची तीत भर पडते. बेडकांचा वावर मुख्यतः रात्रीचा आणि ऐन पावसातला. नेमक्या त्याच दिवसांत गाड्याही अधिक. ओल्या रस्त्यावर आलेला अंगठ्याएवढा बेडूक वाहनचालकाला दिसत नाही आणि दिसला तरी त्यासाठी कोणी करकचून ब्रेक लावत नाही. शिवाय सपाट कातळ म्हणजे गाड्या उभ्या करण्यास आयती जागा, बांधकामास आयता पाया आणि सरकारी कागदांत बहुधा ‘पडीक’. ज्या जमिनीत काही पिकत नाही ती निरुपयोगी, ही महसुली दृष्टी ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली आहे. त्या दृष्टीला सड्यावरचे डबके म्हणजे बुजवण्याजोगा खड्डा यापलीकडे काही दिसत नाही.

येथे कोणीही खलनायक नाही, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. व्हेल शार्कच्या बाबतीत मारणारा होता, विकत घेणारा होता, नफा खिशात घालणारा होता. आंबोलीत बेडूक मारण्याची इच्छा कोणालाच नाही. पुण्याहून किंवा बेळगावहून धबधबा पाहण्यास आलेले कुटुंब, रात्रीच्या वेळी भाजीपाला घेऊन घाट उतरणारा ट्रकचालक, चार खोल्या बांधून पर्यटकांची सोय करणारा गावकरी, यांपैकी कोणाच्याही जमाखर्चात बेडकाचे नाव नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली ज्या बाह्य परिणामांचे विवेचन केले, त्यांचे हे शुद्ध रूप आहे. व्यवहार करणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागत नाही. ती मोजतो तो, ज्याचा व्यवहाराशी काही संबंध नाही.

बेडकालाही एके काळी भाव होता

यावर असा एक आक्षेप घेतला जाईल की, मग बेडकालाही किंमत लावा म्हणजे झाले. निसर्गाच्या सेवांचे रुपयांत मूल्यांकन करण्याचा प्रघात अलीकडे रूढ झालेला आहेच. हा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु बेडकाला भाव आला म्हणजे काय होते, याचा अनुभव या देशाने एकदा घेतलेला आहे.

शेतातल्या मोठ्या पिवळ्या बेडकाच्या तंगड्यांना युरोप-अमेरिकेच्या भोजनगृहांत मागणी होती आणि भारत हा त्यांचा एक प्रमुख पुरवठादार होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी वर्षाला चार हजार टनांहून अधिक तंगड्यांची निर्यात होत असे. एका तंगडीचे वजन किती आणि चार हजार टनांसाठी बेडूक किती लागत असतील, हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. पावसाळ्याच्या रात्री भाताच्या खाचरांत बत्त्या घेऊन बेडूक पकडले जात आणि ते पकडणारे बहुधा गरिबांतले गरीब असत. पुढे असा प्रश्न विचारला जाऊ लागला की, शेतातले किडे खाणारा बेडूक निर्यात करून परकीय चलन मिळवावयाचे आणि तेच चलन कीटकनाशकांवर खर्च करावयाचे, यात शहाणपण कोणते? १९८५ साली या जातीचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला आणि १९८७ साली भारताने निर्यात बंद केली. येथेही बंदीचा उपाय लागू पडला, कारण येथेही बंदर होते, कारखाना होता, परवाना होता. अर्थात मागणी नाहीशी झाली नाही. ती इंडोनेशियाकडे वळली आणि तो देश पुढे या व्यापाराचा सर्वांत मोठा पुरवठादार झाला.

या इतिहासातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, किंमत हे दुधारी शस्त्र आहे. ते प्राण्याकडे लक्ष वेधते, पण ते लक्ष शिकाऱ्याचेही असते. दुसरी गोष्ट अशी की, ‘मासा विरुद्ध बेडूक’ हा खरा भेद नव्हे. ‘विकला जाणारा प्राणी आणि न विकला जाणारा प्राणी’ हा खरा भेद आहे. शेतातल्या बेडकाला वाचवण्यास त्याचा व्यापार थांबवणे पुरेसे होते. आंबोलीच्या बेडकाचा व्यापारच नाही, तेव्हा थांबवणार काय?

जबाबदारी कोणाची?

दोन्ही प्राण्यांच्या जीवनक्रमातील फरक येथे निर्णायक ठरतो. व्हेल शार्क देशोदेशींच्या पाण्यांतून हजारो किलोमीटर भटकतो. त्याला वाचवावयाचे तर अनेक राष्ट्रांचे एकमत व्हावे लागते आणि तसे झाल्यानंतरही मोठ्या मालवाहू जहाजांच्या धडका लागून तो मरतोच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या कारणाकडे जगाचे लक्ष वेधले आहे. शिवाय त्याची संख्या सावरण्यास दशके लागतील. आंबोलीचा बेडूक मात्र थोड्या चौरस किलोमीटरांत जन्मतो आणि तेथेच मरतो. त्याच्यासाठी कोणत्याही परराष्ट्राची संमती लागत नाही. जागा शाबूत राहिली तर तो दरवर्षी नव्याने वितो. म्हणजेच वाचवण्यास तो व्हेल शार्कहून कितीतरी सोपा आहे.

परंतु याची दुसरी बाजू तितकीच कठोर आहे. व्हेल शार्क भारताच्या पाण्यातून नाहीसा झाला तरी तो मेक्सिकोच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर शिल्लक राहील. आंबोलीचा बेडूक आंबोलीतून गेला म्हणजे पृथ्वीवरून गेला. त्याची जबाबदारी वाटून घेण्यास जगात दुसरे कोणी नाही. एक ग्रामपंचायत, एक तालुका आणि एक राज्य, एवढ्यांतच ती संपते. जी गोष्ट करणे सर्वांत सोपे आणि टाळणे सर्वांत अक्षम्य, तीच बेवारस पडावी हा आस्थेच्या वाटपातला मोठाच दोष म्हणावा लागेल.

हा दोष केवळ आंबोलीपुरता नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार शार्क आणि त्यांच्या जवळच्या नात्यातील माशांच्या सुमारे एक तृतीयांश जाती धोक्यात आहेत आणि त्यामागील मुख्य कारण अतिरेकी मासेमारी हेच आहे. २०२३ सालच्या पाहणीनुसार उभयचर प्राण्यांच्या ८ हजारांहून अधिक जातींपैकी सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. पृष्ठवंशी प्राण्यांत हा वर्ग सर्वांत अधिक संकटात आहे. त्यांच्या नाशाचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे राहण्याच्या जागेचा नाश. एक वर्ग प्रामुख्याने पकडला जाऊन संपतो, दुसरा प्रामुख्याने बेघर होऊन.

आपल्या परंपरेने बेडकाची अगदीच उपेक्षा केली असेही नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात मंडूकांना उद्देशून एक संपूर्ण सूक्त आहे, आणि पाऊस लांबला की बेडकाची मिरवणूक काढण्याची प्रथा अनेक खेड्यांत होती. पण त्याच परंपरेने संकुचित वृत्तीच्या माणसाला ‘कूपमंडूक’ म्हटले. विहिरीबाहेरचे जग न पाहणारा तो बेडूक, अशी ही थट्टा आहे. आंबोलीच्या बेडकाच्या बाबतीत ती उलटी लागू पडते. त्याचे जग सड्याएवढेच आहे हा त्याचा दोष नव्हे. ते सड्याएवढे जग माणसाच्या नजरेत मावत नाही, हा माणसाचा आहे.

खर्च किती आणि कोणी सोसायचा?

आता व्यवहाराचा प्रश्न. आंबोलीच्या गावकऱ्याने बेडकासाठी पर्यटन सोडून द्यावे, असे शहरात बसून सांगणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. घाटमाथ्यावरच्या गावात शेती बेताची, उद्योग नाहीत, तरुण मुले मुंबई-गोव्याकडे जातात. पावसाळ्याचे तीन महिने हाच तेथील कमाईचा हंगाम. मच्छीमाराचे जाळे कापावयाचे तर त्याची भरपाई समाजाने केली पाहिजे, हे तत्त्व एकदा मान्य झालेले आहे. तेच तत्त्व कातळाच्या मालकालाही लागू झाले पाहिजे. ज्याच्या जमिनीवर बेडकाची वीण होते, त्याने तेथे बांधकाम न करण्याचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे. समुद्रात कापलेल्या जाळ्याची भरपाई देता येते, तर जमिनीवर न टाकलेल्या पायाची का देता येऊ नये?

खर्चाचा अंदाज बांधू लागले की तो फार नाही असेच दिसते. बेडकांच्या विणीचे सड्यांवरचे टापू हेरून ते आखून घेणे, तेथे गाड्या उभ्या करण्यास मनाई करणे आणि वाहनतळ अन्यत्र देणे. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीच्या वेळी रस्त्याच्या ठरावीक तुकड्यांवर वेगमर्यादा घालणे. रस्ता रुंद करताना त्याखालून लहान मोऱ्या ठेवणे. यांत असाध्य असे काय आहे? ब्रिटनमध्ये विणीच्या हंगामात स्वयंसेवक रात्री बादल्या घेऊन उभे राहतात आणि भेकांना रस्त्यापलीकडे पोहोचवतात. आंबोलीतही निसर्गाची जाण असलेले स्थानिक तरुण आहेत. सिंधुदुर्गातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी त्याच रात्री, त्याच रस्त्यांवर मोजणी केली, तरी पाच-सात वर्षांत या प्राण्याची खरी स्थिती कळू लागेल. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद केलेली आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही कपाटात पडून असते. येथे तिला काम आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे, याचा पुरावा खुद्द आंबोलीतच आहे. तेथील हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या कुंडात आढळलेल्या एका लहानशा माशाचे वर्णन २०२० साली झाले आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने त्याच्या सुमारे दोन हेक्टर अधिवासाला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. बोटाएवढ्या माशासाठी त्याच गावात दोन हेक्टर राखता येतात. मग अंगठ्याएवढ्या बेडकासाठी काही हेक्टर कातळ राखणे अशक्य कसे? तो मासा देवस्थानाच्या कुंडात राहतो, म्हणून त्या जागेला आधीपासून पावित्र्याचे कुंपण होते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. सड्याला तसे कुंपण नाही, म्हणूनच कायद्याचे आणि लोकमताचे कुंपण घालावे लागेल.

मराठीत ‘अमूल्य’ या शब्दाचे दोन अर्थ निघू शकतात. ज्याची किंमत करता येत नाही इतके मोठे, हा एक. आणि ज्याला मूल्यच नाही, हा शब्दाची फोड करून निघणारा दुसरा. बाजाराला या दोहोंतला फरक कळत नाही. तो त्याने कळून घ्यावा अशी अपेक्षाही करू नये. तो कळावा लागतो समाजाला. व्हेल शार्कच्या बाबतीत सौराष्ट्रातील मच्छीमारांना तो कळला, आणि त्यांनी स्वतःची जाळी कापून तो कळल्याचे सिद्ध केले. आंबोलीच्या बेडकासाठी कोणालाही जाळे कापावयाचे नाही. जूनच्या पहिल्या पावसात गाडी थोडी सावकाश चालवावयाची आहे आणि कातळाचे काही तुकडे जसेच्या तसे राहू द्यावयाचे आहेत. एवढेही जमले नाही, तर एक प्राणी नाहीसा झाल्याची नोंद लाल सूचीत होईल, आणि त्याच्या जाण्याने कोणाच्याही हिशेबाच्या वहीत एका पैशाचा फरक पडलेला नसेल.